कोणती नस?

१५ जानेवारी, नागपूर

आज कर, संक्रांतीचा दुसरा दिवस. छतांवरचा गोंगाट ओसरला, पण विजेच्या तारांवर मांजा लोंबतोच आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. मनगटं कापायची काही थांबली नाहीत.

‘नस कापली’ असं आपण सरसकट म्हणतो. रक्तवाहिनी नस, बोट वाकवणारी कंडरा नस, मज्जातंतूही नसच. घोटाळा इथेच होतो. रक्त थांबलं की घरच्यांना वाटतं, नस जुळली. मज्जातंतूचं तुटणं मात्र मुकं. बोट नुसतं बधिर. चार टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, घरी. पंधरा दिवसांनी शर्टाचं बटण लागत नाही, तेव्हा शोधाशोध.

म्हणून तपासायचं ते भूल द्यायच्या आधी. नंतर तसंही काही जाणवत नाही. हाताचे दोन मुख्य मज्जातंतू, अल्नार आणि मीडियन. कापूस करंगळीच्या टोकाला कळला नाही तर अल्नार तुटल्याचा संशय, तर्जनीच्या टोकाला नाही तर मीडियन. मग ताकद. हात उताणा ठेवून अंगठा छताकडे उचलायला लावायचा, ही मीडियनची परीक्षा. बोटांच्या फटीत कागद धरायला देऊन ओढायचा. सुटला तर अल्नारवर संशय. रडणारं लेकरू काहीच सांगत नाही. त्याच्या बोटावरून बॉलपेनची गुळगुळीत दांडी फिरवावी. घामामुळे ती किंचित अडकते. बधिर बोट कोरडं, तिथून सरकन घसरते.

उघड्या जखमेत शंका आली तर ईएमजी-एनसीव्हीची (स्नायू आणि मज्जातंतूंच्या विद्युत तपासणीची) वाट पाहू नये. ती तपासणी साधारण तीन आठवड्यांनी नीट बोलू लागते, आणि तेवढ्यात तुटलेली टोकं आखडून वणात रुततात. पहिल्या काही दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने ती थेट जोडता येतात. उशीर झाला की पोटरीतला सुरल मज्जातंतू काढून मधे जोड द्यावा लागतो, मग पावलाची बाहेरची कड बधिर राहते. महागडी अदलाबदल.

शिवल्यावर मज्जातंतूची वाढ दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर, तीही सुरुवातीचे तीन-चार आठवडे सोडून. मनगट ते बोटाचं टोक १७-१८ सेंटिमीटर, म्हणजे सहा-सात महिने. कोपराशी तुटला तर पंजाच्या स्नायूंपर्यंत पोचायला वर्षही लागतं, आणि स्नायू दीड वर्षाच्या आत तंतू पोचला नाही तर कायमचा वाळतो.

तोवर बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. शेकोटीपाशी हात खिशात. तिळाचे लाडू वळणं यंदा दुसऱ्याकडे; गुळाचा पाक कातडीला चिकटून बसतो आणि फोड दिसेपर्यंत पत्ता लागत नाही.

दर महिन्याच्या १५ तारखेला शिवणीपासून पुढे बोटाने टिचक्या माराव्यात. जिथे झिणझिणी उठते तिथवर तंतू पोचला; ती जागा शिवणीपासून पट्टीने मोजून या वहीत लिहायची. महिन्याला अडीच-तीन सेंटिमीटर पुढे सरकली तर ठीक. तीन महिने आकडा तोच राहिला तर वही घेऊन सर्जनकडे.