पाठ टेकताच लागणारी झोप

सेलूच्या एका जिनिंगमध्ये मी हिशेबाचे काम पाहतो. रात्री अंथरुणाला पाठ टेकताच माझा डोळा लागतो, आणि आमच्या घरात याचे कौतुकच होते, आई म्हणायची, "पुण्यवानालाच अशी झोप लागते, बाळा." परंतु हंगामात कापसाच्या गाड्यांची वजने लिहितानाही मला झोप येई. पेन चालूच राहे, आकडे मात्र रकाना सोडून तिरके खाली घसरत जात. त्यापायी मी चार वर्षे बोलणी खाल्ली. रक्त तपासले, थायरॉईड तपासले, काही निघाले नाही. पहाटे जाग येऊनही हातपाय हलत नसत आणि उशाशी कोणी उभे असल्याचा भास होई, म्हणून 'बाहेरचे' बघण्यातही काही महिने गेले.

शेवटी छत्रपती संभाजीनगरच्या एका मेंदूविकारतज्ज्ञांनी विचारले, "खूप हसू आले की गुडघे लटपटतात का?" लटपटत असत; पण त्याचा झोपेशी संबंध असेल, असे माझ्या मनातही आले नव्हते.

तपासणीपूर्वी दोन आठवडे झोपण्या-उठण्याच्या वेळा वहीत लिहायच्या होत्या. तपासणीच्या रात्री डोक्याला चिकट लेप लावून तारा बसवल्या, छातीला पट्टे बांधले. इतक्या जंजाळात झोप कशी येणार, असे वाटले, पण तिसऱ्याच मिनिटाला मी झोपलो होतो. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी, असे पाच वेळा, अंधार करून झोपायला सांगितले. अशा चाचणीत झोप लागायला सरासरी आठ मिनिटे किंवा त्याहून कमी लागली आणि किमान दोनदा स्वप्नांची, म्हणजे रेम झोप पंधरा मिनिटांच्या आत आली, तर नार्कोलेप्सीचे, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या मेंदूच्या आजाराचे निदान पक्के होत जाते. एरवी ही झोप साधारण दीड तासाने येते. माझी सरासरी तीन मिनिटांच्या आत होती.

मला हलवून सोडले ते रात्रीच्या आलेखाने. झोप लवकर लागली होती, पण ती टिकली नव्हती. पहाटेपर्यंत ती कितीतरी ठिकाणी तुटली होती. मेंदूतील हायपोक्रेटिन हे जाग टिकवणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की जाग आणि झोप यांमधला बांध राहत नाही, त्यामुळे दिवसा झोप घुसते आणि रात्री जाग, असे डॉक्टरांनी समजावले. म्हणजे ज्या झोपेचे घरात कौतुक होते, तीच माझ्या आजाराची खूण होती. हे आईला सांगताना माझा आवाज भरून आला. ती बराच वेळ नुसती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आता सकाळी मोडाफिनिलची, म्हणजे जागे ठेवणारी गोळी असते, आणि दुपारी जेवणानंतर वीस मिनिटे झोपण्याची मुभा मालकांनी अहवाल वाचून स्वतःहून दिली. नोंदी रकान्यात राहतात. रात्री दोन-तीनदा जाग येणे मात्र अजून थांबलेले नाही. दिवाळीनंतरच्या भेटीत डॉक्टरांना तेच विचारायचे आहे.