पिंग येतंय, तरी सायझिंग थांबतंय

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात सायझिंग मशीन (विणण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांना खळ लावून सुकवणारं) पाळीत तीन-चार वेळा आपोआप थांबत होतं. सायझिंग असं मध्येच थांबलं की तापलेल्या सिलिंडरवरचा ताणा जास्त सुकून ठिसूळ होतो आणि तेवढा तुकडा पुढे लूमवर तुटत राहतो. पीएलसीवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवर, दोष दरवेळी एकच यायचा: मोटरच्या ड्राइव्ह पॅनेलमधल्या इथरनेट मॉड्यूलचं आय/ओ कनेक्शन (मशीन चालवणाऱ्या सिग्नलची सततची देवाणघेवाण) टाइमआउट.

मे महिना आणि पॅनेलवर तुसाचा थर, त्यामुळे आधी उष्णतेवर आणि मग केबलवर संशय गेला. केबल दोनदा बदलून झाली होती. इलेक्ट्रिशियन अण्णा म्हणाले, "साहेब, पिंग एकही चुकत नाही बघा." पिंग म्हणजे नेटवर्कवरून उत्तर येतंय का ते बघायची चाचणी. ते खरंच होतं. पण पिंगमध्ये एक बाजू विचारते, मग दुसरी उत्तर देते. दोन्ही बाजू एकदम बोलल्या तर काय होतं, हे त्यात दिसतच नाही.

पॅनेल बंद-चालू करू नका, एवढंच आधी सांगितलं. वीज गेली की बहुतेक मॉड्यूलचे चुका मोजणारे काउंटर शून्य होतात आणि पुरावा पुसला जातो.

मॉड्यूल इथरनेट/आयपी या औद्योगिक नेटवर्क प्रोटोकॉलचं होतं. त्यात पोर्टची माहिती ठेवणारा इथरनेट लिंक ऑब्जेक्ट असतो, क्लास हेक्स एफ६. पीएलसीतून जेनेरिक मेसेज टाकला: सर्व्हिस ०ई (नुसतं वाचण्याची आज्ञा), इन्स्टन्स १, अॅट्रिब्यूट ५. उत्तरात ३२ बिटांचे १२ मीडिया काउंटर येतात, म्हणजे ४८ बाइट. त्यासाठी १२ घरांचा डिंट (३२ बिटी पूर्णांक) अॅरे पुरतो. सर्व्हिस ४सी वापरली तर वाचता वाचता काउंटर शून्यही होतात. दोष सापडेपर्यंत ती वापरू नये.

काउंटरचा एकच आकडा काही सांगत नाही, तो कधीपासून साठलाय कोण जाणे. दहा मिनिटांच्या अंतराने दोन वाचनं घेतली आणि फरक काढला. अलाइनमेंट आणि एफसीएस हे बिघडून आलेल्या फ्रेमचे (डेटाच्या तुकड्यांचे) काउंटर, दोन्हींत फरक शून्य. केबल किंवा कनेक्टर खराब असता तर इथे आकडा हलला असता. वाढले होते सिंगल कोलिजन (एकेकदा झालेल्या टकरी), आणि सातव्या घरातले लेट कोलिजन ३७ ने. लेट कोलिजन म्हणजे फ्रेमचे पहिले ६४ बाइट गेल्यावर झालेली टक्कर. नेटवर्क स्विच आणि मॉड्यूल एका छोट्या केबलने थेट जोडलेले असताना ती होण्याचं नेहमीचं कारण एकच: एक टोक फुल डुप्लेक्स (एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं), दुसरं हाफ (आळीपाळीने).

खात्रीसाठी अॅट्रिब्यूट २, इंटरफेस फ्लॅग, वाचला. आकडा आला ९. पहिला बिट १, म्हणजे लिंक आहे. दुसरा ०, म्हणजे हाफ डुप्लेक्स. पुढच्या तीन बिटांत २, म्हणजे ऑटो-निगोशिएशन (दोन टोकांनी वेग आणि डुप्लेक्स आपापसात ठरवणं) फसलं, वेग ओळखला, डुप्लेक्स गृहीत धरला. निरोगी पोर्टवर इथे १५ यायला हवा. स्विचच्या सेटिंगच्या पानावर त्याच पोर्टचे सीआरसी एरर, म्हणजे खराब फ्रेमची मोजणी, वाढत होते. टक्कर दिसली की हाफ बाजू फ्रेम अर्धवट सोडते आणि फुल बाजूला तो तुकडा खराब फ्रेम म्हणून मिळतो.

आधीचा स्विच जळाल्यावर स्टोअरमधला जुना बसवला होता. त्याचा तो पोर्ट कोणीतरी १०० फुल असा पक्का करून ठेवलेला. पक्का केलेला पोर्ट निगोशिएशन करत नाही, म्हणून ऑटोवरचं मॉड्यूल हाफवर उतरलं.

मग मशीन सतत का थांबत नव्हतं? आरपीआय, म्हणजे आय/ओ पॅकेटांमधलं ठरलेलं अंतर, २० मिलिसेकंद, टाइमआउटचा गुणक ४, म्हणजे ८० मिलिसेकंद काहीच न आल्यावर कनेक्शन तुटतं. एखादं पॅकेट हरवलं तर मशीनला कळतही नाही. ऑपरेटरने स्काडावर, म्हणजे मशीनवर नजर ठेवणाऱ्या संगणकावर, ट्रेंडचं (आलेखाचं) पान उघडलं की त्याच मॉड्यूलवर दोन्ही दिशांनी गर्दी व्हायची आणि आय/ओची पॅकेटं लागोपाठ बुडायची. स्काडाचं वाचन टीसीपीवर, पोर्ट ४४८१८ वर चालतं. हरवलेलं पुन्हा पाठवलं जातं, म्हणून स्क्रीन ठीक दिसत होता. आय/ओ यूडीपीच्या २२२२ वर असतं, तिथे गेलेलं पॅकेट परत येत नाही.

स्विचचा पोर्ट ऑटोवर टाकला, केबल काढून पुन्हा लावली. फ्लॅग १५ आला. मग ट्रेंडचं पान मुद्दाम उघडं ठेवून अख्खी पाळी मशीन चालवलं. लेट कोलिजनचा आकडा जिथे होता तिथेच राहिला.