पाच मिनिटांत काय सांगून होणार?

लिनक्स ही मोफत, खुली संगणक प्रणाली वापरणाऱ्या आमच्या ग्रुपच्या बैठकीत सदस्य पाच-पाच मिनिटं बोलतात आणि ते जुळवून आणायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे तुम्ही विचारलंत तो प्रश्न मला नेहमीच येतो: त्यापेक्षा एखादा तज्ज्ञ बोलावून तासभर व्याख्यान का ठेवत नाही?

पाच मिनिटांत विषय शिकून होत नाहीच. पण कोणाला काय येतं, कोण कुठे अडलंय, हे समजतं. १९७५ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबात ली फेल्सेनस्टाइन सभा अशीच चालवायचे. आधी लोकांनी आपल्याकडे काय आहे, काय हवंय ते थोडक्यात सांगायचं. मग खुर्च्या सोडून ज्याला ज्याच्याशी बोलायचंय त्याने त्याला गाठायचं. ॲपल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक स्टीव्ह वॉझ्नियॅक, त्यांनी ॲपल-१ हा आपला संगणक दाखवला तो याच क्लबात.

आमच्याकडे एका निवृत्त सरांनी जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतांत, कशा आणल्या ते सांगितलं. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. फॉन्ट नसेल तर फाइलमध्ये नुसता कचरा दिसतो. चिन्हं एकेक करून बदलता येतात, पण पहिली वेलांटी छळते: जुन्या फाइलीत ती अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते. सरांनी पायथन या संगणक-भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्रॅम ती उचलून पलीकडे ठेवतो. एवढ्यातच वेळ संपली. चहाला एका छापखान्यातल्या ताई त्यांच्याकडे गेल्या. त्यांच्याकडे दिवाळी अंकांच्या तसल्याच फाइली पडून होत्या. पुढचं काम त्या दोघांनी मिळून केलं.

‘कोण बोलणार?’ असं सगळ्यांना मिळून विचारलं की कोणी हात वर करत नाही. म्हणून मी चहाच्या वेळी कान उघडे ठेवते. कोणी काही रंगून सांगत असेल तर म्हणते, “हेच पुढच्या वेळी सांगा, असंच.” मराठीत चालेल का, असं बरेच जण विचारतात. चालेल काय, मला तर तेच हवं असतं. नवख्या माणसाला मी कधीच पहिलं बोलायला लावत नाही. स्लाइड आदल्या दिवशी मागवून एकाच लॅपटॉपवर ठेवते, नाहीतर प्रोजेक्टरची वायर काढण्या-लावण्यातच पाच मिनिटं जातात.

तुमच्या गावात असं काही सुरू करणार असाल तर बोलणारे चारच ठेवा, पण नंतरचा तासभर मोकळा सोडा, आणि हॉलवाल्याला तसं आधीच सांगून ठेवा.