तुम्ही विचारलंत म्हणून: एसआर० आणि सीडीरॉम, ड्राइव्ह नेमके किती?

सोलापूरच्या साखर पेठेत माझी एक टेबल आणि दोन खुर्च्या मावतील एवढी जागा आहे. लोकांच्या घरच्या जुन्या डीव्हीडी पेनड्राइव्हवर भरून देतो. लग्नं, बारशी, कुणाच्या तरी गड्ड्याच्या जत्रेचं शूटिंग. मशीनवर लिनक्स आहे. त्यामुळे डिप्लोमाची पोरं आली की स्क्रीनकडे बघून ठरलेला प्रश्न येतोच: "ओ दादा, एका जागी एसआर० लिहिलंय, दुसऱ्या जागी सीडीरॉम, तिसऱ्या जागी डीव्हीडी. ड्राइव्ह किती आहेत नक्की?"

एकच. डेव्ह डिरेक्टरीत (/dev, मशीनला जोडलेल्या वस्तूंची नावं तिथं असतात) जाऊन एलएस मायनस एल (ls -l, यादी दाखवणारी कमांड) मारा. एसआर०च्या (sr0) ओळीत पहिलं अक्षर बी दिसेल, म्हणजे ब्लॉक डिव्हाइस, डेटा ठोकळ्या-ठोकळ्यानं देणारं उपकरण. जिथं फाइलची साइझ असते तिथं ११ आणि ० हे दोन आकडे दिसतील. ११ हा केर्नलमधल्या (लिनक्सचा गाभा) सीडी-ड्रायव्हरचा नंबर, ० म्हणजे त्याच्या हाताखालचा पहिला ड्राइव्ह. सीडीरॉमच्या ओळीत मात्र पहिलं अक्षर एल, आणि शेवटी बाण एसआर०कडे. ती नुसती लिंक, म्हणजे त्याच ड्राइव्हचं दुसरं नाव. काढून टाकली तरी ड्राइव्हला काही होत नाही.

यावर हुशार पोरगं पुढचं विचारतं, एसआर म्हणजे स्कझी (SCSI, ड्राइव्ह जोडायची जुनी पद्धत) रॉम ना, मग आपला ड्राइव्ह तर साटाचा (SATA, आजची केबल) आहे. बरोबर आहे. पण साटा असो की यूएसबी, सीडी ड्राइव्हला जे हुकूम जातात ते स्कझीच्याच भाषेतले. म्हणून सगळे त्या एकाच दारातून आत येतात.

पूर्वी असं नव्हतं. साटाच्या आधीची, रुंद पट्टीची आयडीई केबल आठवते का? ड्राइव्हच्या मागं जंपर लावून मास्टर की स्लेव्ह ते ठरवायचं. दुसऱ्या केबलवरचा मास्टर म्हणजे एचडीसी, स्लेव्ह म्हणजे एचडीडी. नाव वाचलं की ड्राइव्ह कुठल्या केबलला आहे ते कळायचं. मला ती पद्धत आवडायची, कटकट होती तरी. २.४ केर्नलवर सीडी जाळायची, म्हणजे लिहायची, तर एचडीसीला स्कझीचं सोंग घ्यायला लावावं लागे, मग तोच ड्राइव्ह एससीडी० म्हणून उभा राहायचा. ते जुनं आयडीई प्रकरण २०२१ साली ५.१४ केर्नलमधून कायमचं गेलं.

आता नाव जागेवरून मिळत नाही, आल्या क्रमानं मिळतं. केर्नलला जो ड्राइव्ह आधी सापडेल त्याला रिकामा असलेला सगळ्यात लहान आकडा. हे मी वाचलं होतं, पण कळलं ते एका वहिनींमुळं.

माझ्याकडं कॅबिनेटमध्ये एक ड्राइव्ह, आणि टेबलावर यूएसबीचे दोन, डावा आणि उजवा. डावा एसआर१, उजवा एसआर२. स्क्रिप्टमध्ये मी तसंच लिहून ठेवलेलं: एसआर१ची नक्कल अमुक गिऱ्हाइकाच्या फोल्डरला, एसआर२ची तमुक. एका दुपारी लाइट गेली. मशीन यूपीएसवर होतं, ते चालू राहिलं. पण यूएसबी हबचा अडॅप्टर मी सरळ भिंतीतल्या बोर्डला लावलेला. दोन्ही ड्राइव्ह गुल. लाइट आली, दोन्ही परत आले, दिवे लागले, मी पुढच्या डिस्क घातल्या आणि स्क्रिप्ट चालवली.

दुसऱ्या दिवशी वहिनी पेनड्राइव्ह घेऊन दारात. "भाऊ, आमच्या पोरीच्या कपाळाला मुंडावळ्या होत्या. ह्या नवरीला बाशिंग बांधलंय. आणि भटजी तेलुगूत बोलतायत." शहराच्या पूर्वभागातल्या एका तेलुगू पद्मशाली घरचं लग्न यांच्या टीव्हीवर अर्धा तास चाललं होतं. परत येताना उजवा आधी सापडला, त्याला एसआर१ मिळालं, एवढीच गोष्ट. मी चहा मागवला आणि माफी मागितली. वहिनींना एवढंच म्हणायचं होतं, की लग्न छान झालंय त्यांचं, पण आमचं द्या.

मग सीडीरॉम या लिंकवर भरवसा ठेवायचा का? नाही. सध्याच्या युडेव्हचा (डेव्हमधली नावं आणि लिंक सांभाळणारा प्रोग्रॅम) नियम साधा आहे: जो एसआर० असेल त्याच्याकडं सीडीरॉमचा बाण. म्हणजे नाव घरगुती, पण अक्कल आकड्याचीच. मधल्या काळात युडेव्ह प्रत्येक ड्राइव्हची ओळख एका फाइलमध्ये लिहून ठेवायचा. ऐकायला बरं वाटतं, पण मेलेला ड्राइव्ह बदलला की नवा यायचा तो सीडीरॉम१ होऊन, आणि जुना प्लेअर सीडीरॉम शोधत बसायचा. ती फाइल हातानं पुसायचो मी कितीदा तरी.

खरी कामाची जागा डेव्हमधल्या डिस्क या डिरेक्टरीत आहे. तिथं बाय-लेबल आहे, पण शूटिंगवाल्यांनी लेबल बदललेलंच नसतं, दहातल्या आठ डिस्कना सॉफ्टवेअरनं दिलेलं तेच नाव. बाय-आयडी आहे, त्यात कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर. चांगलं, पण माझे दोन्ही ड्राइव्ह एकाच मॉडेलचे, स्वस्तातले, आणि सीरियल नंबर दोघांचा सारखाच! दोघांत मिळून एकच लिंक. उरलं बाय-पाथ. तो ड्राइव्ह कुठल्या पोर्टला खुपसलाय त्यावर चालतो, म्हणजे जवळजवळ आपल्या जुन्या एचडीसीसारखाच.

तेच धरून युडेव्हच्या रूल्समध्ये दोन ओळी टाकल्या: नाव एसआरनं सुरू होत असेल आणि पाथ हा असेल तर लिंक 'डावा', तो असेल तर 'उजवा'. हबच्या दोन पोर्टवर मार्करनं तेच लिहिलं. स्क्रिप्टमधले आकडे काढले. (हबचा अडॅप्टर यूपीएसवर घ्यायचा अजून राहिलाच आहे, यूपीएसला तिसरं सॉकेट नाही.)

गेल्या आठवड्यात पुन्हा लाइट गेली. आल्यावर एलएस मारून बघितलं: डावाचा बाण एसआर२कडं, उजवाचा एसआर१कडं. आत होत्या त्या डिस्क तशाच ठेवून स्क्रिप्ट चालवली.