चौथा पर्याय

भाची सध्या स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागली आहे. त्यामुळं दुपारी जेवून जरा लवंडावं म्हटलं, तर कानावर घटनादुरुस्त्या आणि धरणं आदळत राहतात. परवा डोळा लागता लागता तिनं विचारलं, "मामा, हॉकीपटू धनराज पिल्लेला ऑलिंपिकमध्ये किती पदकं मिळाली? एक, दोन, तीन, का एकही नाही?"

मी उठूनच बसलो. उत्तर ठाऊक होतं, म्हणून तर झोप उडाली. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिकला दोरी गुंडाळून खेळलेलं पोरगं. चार ऑलिंपिक खेळलं, चार वर्ल्डकप खेळलं. मानेवर केस उडवत ते सुटलं की समोरचे बॅक एकमेकांवर ओरडायला लागायचे. आणि त्याच्याबद्दल विचारायचं काय, तर हे!

"चौथा पर्याय," मी म्हटलं. तिनं खूण केली आणि ती पुढच्या प्रश्नाकडं वळली. मी मात्र सिडनीला जाऊन पोचलो.

२००० सालच्या ऑलिंपिकमधला आपला तो हॉकी संघ आठवून बघा. धनराज, मुकेशकुमार, बलजितसिंग धिल्लों पुढं, दिलीप तिर्की मागं भिंतीसारखा, शिवाय गगन अजितसिंग आणि दीपक ठाकूर ही कोवळी पोरं. अर्जेंटिनाला तीन गोलांनी हरवलं, ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात २-२ असं रोखलं. कोरियाकडून हरलो, पण स्पेनला हरवून सावरलो. आता गटातला शेवटचा सामना पोलंडशी, जिंकलो की उपांत्य फेरी.

पोलंड! आमच्या कोल्हापूरकरांना पोलंड म्हणजे घरचंच वाटायचं. महायुद्धात वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, १९४३ पासून पुढं पाचेक वर्षं, हजारो माणसांची. आजीकडं त्यांच्या ढीगभर गोष्टी होत्या. ती गोरी माणसं मोडक्यातोडक्या मराठीत भाजीचा भाव कसा पाडायची, ते ती अगदी साभिनय करून दाखवायची. त्यामुळं काकाच्या घरी सगळे टीव्हीपुढं जमले, तेव्हा आजीचा सूर एकच होता, "गरीब मानसं हाईत रे ती, लई गोल घालू नगा."

आम्ही एकच घातला. आजीचं मन कुणी इतकं राखावं, असं वाटत नाही.

१-० अशी आघाडी. घड्याळात दोन मिनिटंही उरली नसतील. काकानं पेढे आणायला कुणाला पाठवायचं, यावर वाद काढला होता. आणि पोलंडनं गोल केला. कसा केला, ते मला आजही नीट सांगता येणार नाही, कारण आमच्या खोलीतली दोन माणसं एकदम उभी राहिली आणि पडदा झाकला. परत दिसला तेव्हा १-१. मग आमच्या लोकांची ती धावाधाव, ती तारांबळ, आणि शिट्टी. काका बराच वेळ गप्प होता. मग आजीकडं वळून म्हणाला, "घाल आणखी जेवायला त्यास्नी!"

आमच्या जागी कोरिया उपांत्य फेरीत गेला आणि थेट अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तिथं नेदरलँड्सकडून पेनल्टी स्ट्रोक्सवर हरला, ते सोडा. आम्ही सातवे आलो. मग सुरू झाली कारणमीमांसा. टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताची मैदानं नाहीत, संघटनेत राजकारण आहे, प्रशिक्षक टिकत नाहीत. सगळं खरंच होतं. १९९८ मध्ये बत्तीस वर्षांनी एशियाडचं सुवर्ण आणलं, आणि परत आल्यावर कर्णधार धनराजसह बरीच मंडळी घरी बसवली. २००२ च्या वर्ल्डकपमध्ये तर ऐन स्पर्धेत प्रशिक्षक बदलला. पण मला पटत नाही ते एवढंच की, त्या दुपारी एक चेंडू हातभर बाजूनं गेला असता, तर टर्फविना आणि याच राजकारणात वाढलेल्या पोरांना 'परिस्थितीवर मात करणारे' म्हणून चौकाचौकात फलक लागले असते. बरं, हे तरी कुणाला सांगायचं? भाचीच्या पुस्तकात त्याला पर्याय नाही.

अथेन्सला धनराजची चौथी ऑलिंपिक. शेवटच्या सामन्यात त्याला मैदानात उतरवलं, तेव्हा मिनिटभरसुद्धा खेळ उरला नव्हता. याबद्दल मी जास्त बोलत नाही, बोललो की आवाज चढतो आणि घरचे रक्तदाबाची गोळी आणतात.

पोलंडचा माझ्यावर एक कायमचा परिणाम झाला. शेवटची दोन मिनिटं मी कुठलाच सामना बघत नाही. आघाडीवर असलो तर अजिबातच नाही. सरळ स्वयंपाकघरात जातो आणि काहीतरी खुडबुड करतो. टोकियो ऑलिंपिकला जर्मनीशी ब्राँझची मॅच होती, सकाळची वेळ. ५-४ आपण पुढं. मी चहाचं आधण ठेवायला आत गेलो. सात सेकंदही नव्हती म्हणे, आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर. आपला गोलकीपर श्रीजेशनं तो अडवला, चाळीसेक वर्षांनी हॉकीत पदक आलं. बायको बाहेरून ओरडली, "अहो, या लवकर, जिंकलो!"

मी आतूनच विचारलं, "शिट्टी झाली का, ते आधी सांग."