सीपीआरमधील सकाळची फेरी

गेल्या पावसाळ्यात वडील न्यूमोनियामुळे कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालयात, दाखल होते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय याच रुग्णालयाशी संलग्न असल्याने सकाळच्या फेरीला प्राध्यापकांमागे निवासी डॉक्टर आणि त्यांच्यामागे विद्यार्थी असा ताफाच खाटेभोवती उभा राही. "आजोबा, नव्व्याण्णव म्हणा," असे सांगत एका विद्यार्थिनीने पाठीवर तळहात ठेवला. सरांनी तो दोन बोटे खाली सरकवताच तिला आवाजाचा कंप जाणवला. वडिलांनी नव्व्याण्णव नऊदा तरी म्हटले असेल, तेही हौसेने. निवासी डॉक्टरांना एमडीच्या, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या, ३ वर्षांत संशोधनाचा प्रबंध सक्तीचा असतो. त्यात वडिलांना सहभागी करून घेण्यासाठी एका निवासी डॉक्टरांनी संमतीपत्र मराठीत वाचून दाखवले आणि नकार दिला तरी उपचारांत फरक पडणार नाही, हे दोनदा सांगूनच सही घेतली.