जुन्या बोटीच्या पेट्रोल टाक्या: काढल्या, नव्या बसवल्या

मंडळी, दोन महिने रखडत रखडत चाललेलं काम आता शेवटाला आलंय, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. बोट २२ फुटी, फायबरची, मागं बाहेरून लावलेलं ११५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. फ्लोरखाली डावी-उजवीकडे ९० लिटरच्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या. एरवी ती मालवणजवळ देवबागला कर्लीच्या खाडीत असते. मेच्या शेवटी ट्रेलरवर घालून फोंडा घाटानं वर आणली आणि कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढं आमच्या शेडमध्ये लावली. पावसाळ्यात तिकडं तसंही बोटी वर काढतातच. काम कोल्हापुरात करायचं दुसरं कारण म्हणजे उद्यमनगर. पत्रा कापणं, वाकवणं, आर्गॉन वेल्डिंग, टर्निंग सगळं चालत जाता येईल एवढ्या अंतरात.

वास पहिल्यांदा शेडमध्येच आला. खाडीत वारा असतो, त्यामुळं तिथं तो कधी जाणवलाच नसावा. रात्री शेडचं दार उघडलं आणि पेट्रोलचा भपका. बिल्जमध्ये, म्हणजे फ्लोरखाली पाणी साठतं त्या तळात, बॅटरी मारली तर पाण्यावर इंद्रधनुषी तवंग. मी आधी होज (पेट्रोलची नळी) बदलली, क्लॅम्प बदलले, हातानं दाबून पेट्रोल ओढायचा प्राइमर बल्ब बदलला. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी पुन्हा वास. ते चार दिवस वाया गेले. होज बाहेरून दिसते म्हणून आपण आधी तिच्यावर संशय घेतो.

मग दोन्ही टाक्यांची तोंडं बंद करून सायकलच्या पंपानं जेमतेम १ पीएसआय दाबाची हवा भरली. उजवीचा दाब दहा मिनिटांत शून्यावर. डावीचा हलला नाही.

जून, पहिला आठवडा

फ्लोर कापण्याआधीची तयारी सविस्तर सांगतो, कारण जीव जाण्याचा धोका सगळा इथंच आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर जाऊन विरत नाही, बिल्जमध्ये खाली बसून राहते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ असली तरी ठिणगीला पुरते. म्हणून रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक. आपल्याकडं डिझेल टाक्यांना वेल्डिंग करणारे जुने मिस्त्री टाकीत पाणी भरल्याशिवाय हात लावत नाहीत, ते याचसाठी.

आम्ही बॅटरी बोटीतून उतरवूनच टाकली. हातपंपानं पेट्रोल काढलं. स्वच्छ निघालं तेवढं भावाच्या जुन्या जीपला थोडं थोडं घातलं. दोन दिवस पंखा बोटीच्या बाहेर ठेवून आत हवा मारली. मग दोन्ही टाक्या पाण्यानं गच्च भरल्या. उजवी ठिबकत होती, तिला वरून पाणी देत राहिलो. त्यानंतरच कटरची खोली १२ मिलिमीटरवर बांधून फ्लोर कापला. घाई असेल तर हे काम हातात घेऊ नका.

कापलेला तुकडा उचलला आणि खरं कारण समोर आलं. टाकीच्या चारही बाजूंनी आणि खालून पिवळा पीयू (पॉलियुरेथेन) फोम ओतलेला होता. असा फोम पाणी धरत नाही असं म्हणतात, आणि नवा असताना ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण वर्षानुवर्षं लाटांचे दणके आणि बिल्जचं पाणी यात तो स्पंज होतो. मी ३० बाय २० बाय १० सेंटिमीटरचा एक ठोकळा कापून तराजूवर ठेवला. सहा लिटर आकाराचा हा ठोकळा कोरडा असता तर दोनशे ग्रॅमच्या आत भरला असता. भरला ३ किलो १०० ग्रॅम. म्हणजे जवळपास निम्मा फोम खाऱ्या पाण्यानं भरलेला, आणि टाकी त्याच्या मांडीवर बसलेली.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही हा समज इथंच फसवतो. त्याला वाचवतो तो वरचा ऑक्साइडचा पापुद्रा, आणि तो पुन्हा पुन्हा तयार व्हायला हवा लागते. ओल्या फोमखाली हवा पोचत नाही, मीठ मात्र पोचतं. पापुद्रा तुटला की तिथं खड्डा पडतो आणि खड्डा खाली खाली जात राहतो. वरून टाकी चकाचक दिसते, कारण वर तिला हवा मिळते. मी दरवर्षी हॅचमधून टाकीचा वरचा भाग बघून समाधान मानत होतो.

फोम हाताच्या करवतीनं आणि तारेनं कापायला दोन दिवस लागले. पाणी शेवटी काढलं आणि दोघांनी टाकी उचलली. तळाला पांढरी, भिजवलेल्या चुन्यासारखी पेस्ट चिकटलेली. साबणानं तीनदा धुऊन दहा दिवस उघडी ठेवली. वास पूर्ण गेल्यावर शेडचे दिवे घालवून, पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या फ्लोटच्या भोकातून एलईडी बॅटरी आत सोडली. तळाच्या मागच्या भागात सात चांदण्या दिसल्या. सातही तिथंच, जिथं बोट उभी असताना पाणी साठतं.

डावी टाकी गळत नव्हती. तिचाही तळ घासून बघितला. अडीच मिलिमीटरच्या पत्र्यात खड्डे इतके खोल की खिळ्याचं टोक निम्मं आत जाई. भाऊ म्हणाला, “ही अजून दोन वर्षं जाईल.” जाईलही. पण फ्लोर एकदाच कापायचा असतो. दोन्ही काढल्या.

जून, उरलेला

पत्र्यासाठी हिंडलो. दुकानात लगेच मिळतो तो कमर्शियल ग्रेड, भांड्याचा आणि छपराचा. समुद्राच्या कामाला ५०५२ किंवा ५०८३ लागतो, त्यात मॅग्नेशियम असतं. ५०५२ घेतला, कारण तो वाकवताना कमी तडकतो. जाडी ३ मिलिमीटर. मागवून घ्यावा लागला. टेस्ट सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय पैसे दिले नाहीत. स्टेनलेसचा आग्रह अनेकांनी धरला. अशा चौकोनी पेट्रोल टाकीला, खाऱ्या पाण्यात, मी स्टेनलेस वापरणार नाही. वेल्डच्या कडेला आणि पट्टीखालच्या फटीत ते गुपचूप कुजतं.

माप आतून १०५ बाय ४५ बाय २० सेंटिमीटर, म्हणजे साडेचौऱ्याण्णव लिटर. वरची पाच टक्के जागा पेट्रोल फुगण्यासाठी सोडली की ९० लिटर. तळ आणि दोन लांब बाजू एकाच पत्र्यातून वाकवून घेतल्या, म्हणजे तळाच्या लांब कोपऱ्याला वेल्डच नाही. आत दोन आडवे पडदे, कोपरे कापलेले. पडदे नसतील तर अर्ध्या टाकीतलं पेट्रोल वळणावर एका बाजूला धावतं आणि टाकीचेच सांधे उखडतं. एका टाकीचं वजन तेरा किलोच्या आसपास झालं.

उद्यमनगरातले आमचे मिस्त्री आर्गॉनचे पक्के. ऑइल इंजिनांच्या काळापासून त्या गल्लीत हात घडत आलेत, आणि ते त्यांच्या वेल्डमध्ये दिसतं. पण एका गोष्टीवर आमचा अर्धा दिवस गेला. त्यांनी ड्रॉइंग बघितलं आणि म्हणाले, “साहेब, खाली ड्रेन प्लग विसरलाय.” मी म्हटलं, विसरलो नाही, नकोच आहे. “मग कचरा काढणार कुठनं? ट्रॅक्टरला असतोय, जनरेटरला असतोय.” त्यांचं बरोबर होतं, पण तो नियम डिझेलचा आणि उघड्यावरच्या टाकीचा. बोटीत पेट्रोलच्या टाकीला जे काही भोक असेल ते वरच्या पत्र्यावर. खालचा प्लग सैल झाला तर नव्वद लिटर पेट्रोल बंद बिल्जमध्ये उतरतं आणि कुणाला कळतही नाही. हे ऐकल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तर मग वर हात जाईल एवढं झाकण देतो.” ती सूचना माझ्या ड्रॉइंगपेक्षा चांगली होती. आता दोन्ही टाक्यांना वर सहा इंची झाकण आहे.

पहिल्या टाकीला साबणाचं पाणी लावलं तेव्हा एका टोकाच्या सांध्यावर दोन बुडबुडे आले. मिस्त्रींना ते फार लागलं. कारण पावसाळी हवा. दमट पत्र्यातला ओलावा वेल्डमध्ये हायड्रोजन सोडतो आणि बारीक छिद्रं राहतात. पुढच्या टाकीला त्यांनी सांध्याची जागा अ‍ॅसिटोननं पुसली, फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी ठेवलेला स्टेनलेसचा ब्रश मारला आणि पत्रा कोमट करून मगच आर्क लावला. एकही बुडबुडा नाही. पहिल्या टाकीचा तो सांधा घासून त्यांनी पुन्हा भरला.

दाबाची चाचणी

यासाठी गेज वापरू नका. स्वस्त गेजवर ३ पीएसआय म्हणजे काट्याचा एक थरथराट. पारदर्शक नळी यू आकारात भिंतीवर टांगली, आत लाल रंगाचं पाणी. ३ पीएसआय म्हणजे दोन बाजूंत २ मीटर ११ सेंटिमीटरचा फरक. भिंतीवर खडूनं खूण केली की कुणालाही दिसतं.

याच्या वर जाऊ नका. ३ पीएसआयलाच टाकीच्या मोठ्या पत्र्यावर जवळजवळ एक टन जोर येतो. पत्रा डोळ्यांदेखत फुगतो. कंप्रेसर जोडला तर टाकी फुटेल, म्हणून पुन्हा सायकलचाच पंप.

रात्रभर ठेवलं. सकाळी पाणी चार सेंटिमीटर उतरलेलं बघून पोटात गोळा आला. मग थर्मामीटर बघितला, शेड दीड अंशानं गार झाली होती. एवढ्या दाबाची बंद हवा एका अंशाला साधारण चार सेंटिमीटर पाणी हलवते, पत्रा लवचिक असल्यानं थोडं कमी. दुपारी ऊन पडलं आणि पाणी आपल्या खुणेवर परत आलं. टाकी पास.

जुलै

दुसऱ्या आठवड्यात काम थांबलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांची इशारा खूण ओलांडून वर निघाली होती आणि मिस्त्रींचं गाव नदीकाठचं. जनावरं आणि सामान हलवायला ते चार दिवस गेले, आम्हीही एक दिवस ट्रॉली घेऊन गेलो. ४३ च्या धोका खुणेआधी पाणी थांबलं. ते परत आले तेव्हाच शेडचं दार उघडलं.

आता टाकी जिच्यावर बसते ती बैठक. सगळं काम याच्यासाठी केलंय, म्हणून वेळ इथंच जास्त दिला. फोम पुन्हा ओतायचा नाही हे नक्की होतं. आतला फायबर पूर्ण वाळवून घासला आणि फायबर मॅटचे दोन थर रेझिननं दिले. पावसात रेझिन सेट व्हायला रडतं, म्हणून दोन हॅलोजन लावून जागा गरम ठेवली. रेझिन सेट करायला घालतात ते कोबाल्ट आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळा, मग हार्डनर.

टाकीला बाहेरून इपॉक्सीचे तीन हात. तळाला ग्लास इपॉक्सीच्या ६ मिलिमीटर जाड पट्ट्या, लांबीच्या दिशेनं, पूर्ण पृष्ठभागाला सीलंट लावून चिकटवल्या. पट्टी आणि पत्रा यांच्यात केसभर फट राहिली तर तिथं पुन्हा तोच ओला फोम तयार झाला असं समजा. रबर, कार्पेट, फेल्ट काहीही घालू नका, सगळं पाणी धरतं. पट्ट्यांमधून पाणी मागं बिल्जकडे वाहून जातं. आडव्या फळीला दोन भोकं आधीपासून होती, फोमनं बुजलेली. ती मोकळी केली. टाकीच्या भोवती हाताचं बोट फिरेल एवढी मोकळी जागा. वरून फायबरच्या आडव्या दांड्यांनी बांधली, बोट आपटली तरी उडणार नाही अशी.

होज नवी, ए१-१५ छापलेली. ‘ए’ म्हणजे आगीत अडीच मिनिटं टिकणारी, ‘१’ म्हणजे आत सतत पेट्रोल राहणार असेल तिथं चालणारी, आणि १५ हा भिंतीतून वाफ झिरपण्याचा वर्ग. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनी रबरी होज त्यात आधी मऊ पडते, मग तडकते. बहुतेक आउटबोर्ड बनवणाऱ्यांची मर्यादा १० टक्क्यांची आहे, हा प्रश्न माझ्यापुढं अजून आहेच. इथेनॉल पाणी ओढून घेतं, तेव्हा निदान टाकीत पाणी येऊ नये म्हणून व्हेंटचं (टाकीच्या हवेच्या नळीचं) तोंड वर नेलं, बोट उभी ठेवताना टाकी भरलेली ठेवणार, आणि पाणी वेगळं काढणारा फिल्टर दहा मायक्रॉनचा घातला. पिकअपवर, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या नळीवर, अँटी-सायफन व्हॉल्व्ह आहे, होज तुटली तरी पेट्रोल आपोआप वाहू नये म्हणून. फिलरपासून (पेट्रोल भरायच्या तोंडापासून) टाकीपर्यंत अर्थिंगची तार ओढली. १०० ओहमच्या आत असायला हवं, मीटरनं एकापेक्षा कमी दाखवलं.

पितळी फिटिंग अ‍ॅल्युमिनियमवर थेट आवळू नका, दोन धातू आणि खारं पाणी म्हणजे आपणच बॅटरी बनवतो. मधे ३१६ स्टेनलेस आणि नायलॉनचे वॉशर.

काल आणि आज

काल उजव्या टाकीत पहिल्यांदा वीस लिटर घातलं, शेड बंद करून गेलो. सकाळी पहिलं काम म्हणजे बिल्जमध्ये डोकं घालून वास. फक्त इपॉक्सीचा. दुपारी पुन्हा, रात्री पुन्हा, भावालाही वास घ्यायला लावला. कोरडं.

आज फ्लोट जुळवला. रिकामी असताना २४० ओहम, भरल्यावर ३३. दहा-दहा लिटर ओतत गेलो, दर दहा लिटरला आत दोन सेंटिमीटर चढतात. पिकअपचं टोक तळापासून दीड सेंटिमीटर वर ठेवलंय, म्हणजे शेवटचे सात लिटर इंजिनाला मिळणारच नाहीत. ट्रेलरवर बोट थोडी मागं झुकलेली असल्यानं काटा सुरुवातीला जास्त दाखवत होता, जॅक लावून पाणसळ जुळवली आणि पुन्हा केलं. पॅनलवर पांढऱ्या रंगानं खुणा मारल्यात: १०, ३०, ५०, ७०, ९०.

फ्लोरचा कापलेला तुकडा परत चिकटवणार नाही. गॅस्केट आणि स्क्रू, म्हणजे दर मे महिन्यात तो उचलून टाकीखाली आरसा घालता येईल. डाव्या टाकीचा फ्लोट आणि हे गॅस्केट एवढं राहिलंय. नारळी पौर्णिमेच्या आत फोंडा उतरायचा आहे.